शंभर मीटरची रेषा

(दहावी १९९६ च्या तुकडीच्या स्नेहमेळाव्यात केलेलं भाषण)



संयोजकांनी मला बोलायला 'विकास आणि वारसा' हा विषय दिला तेव्हा पहिल्यांदा आठवला तो आपला मराठीचा पेपर. असा विषय निबंधाला आला की आपण सगळे डोळे मिटून शेवटचं वाक्य लिहायचो : दोन्हींचा समतोल साधला पाहिजे. त्या वाक्याला गुणही मिळायचे. बाई समोर बसल्या आहेत म्हणून सांगते, ते वाक्य खोटं नव्हतं. पण हा समतोल कुणाच्या घरावर साधायचा, ते त्यात कधी येत नसे. आज मी तेवढ्याच एका गोष्टीबद्दल बोलणार आहे, आणि तीही आपल्या शाळेपासून चालत दहा मिनिटांवरच्या जागेबद्दल. शनिवारवाड्याबद्दल. म्हणजे खरं तर त्याच्या भोवतीच्या शंभर मीटरबद्दल.

मी इतिहासाची अभ्यासक नाही. अभियांत्रिकीची पदवी घेतली आणि गेली बावीस-तेवीस वर्षं सॉफ्टवेअर लिहिते आहे. या विषयात मी शिरले ती आत्याच्या घरामुळे. तिचं घर तुमच्यापैकी पुष्कळांनी पाहिलं आहे. शाळा सुटल्यावर आपण पाचजणी तिथे पाणी प्यायला थांबायचो, आणि पाण्याबरोबर दाण्याची चिक्की मिळायची. दिंडीतून वाकून आत गेलं की चौक, चौकात नळ, डाव्या हाताला अंधारा जिना. वर कडीपाटाचं छत, चार खणांची खोली. तो वाडा आज उभा आहे तो लोखंडी टेकूंवर. मागच्या बाजूचा सज्जा उतरवून तिथे पन्हळी पत्रे लावले आहेत. तुळईला वाळवी आहे. दर पावसाळ्याच्या तोंडाशी एका कचेरीची नोटीस दारावर लागते की इमारत धोकादायक आहे, रिकामी करा आणि उतरवून घ्या. आणि उतरवल्यावर तिथे पुन्हा घर बांधायचं म्हटलं, तर दुसरी कचेरी सांगते की बांधता येणार नाही. आत्या आता ऐंशीच्या पुढे आहे. दोन्ही कागद तिने एकाच पिशवीत ठेवले आहेत. मला म्हणाली, "तू कॉम्प्युटरवाली ना, मग यातला कुठला खरा ते सांग."

दोन्ही खरे होते. हे मला पटायला वेळ लागला, आणि म्हणूनच मी मूळ कायदा वाचायला बसले.

प्राचीन स्मारकांबद्दलचा केंद्राचा कायदा १९५८ चा. त्याखाली देशभरात सुमारे ३,७०० स्मारकं संरक्षित आहेत. आपल्या जवळची घ्यायची तर शनिवारवाडा आहे, जंगली महाराज रस्त्यावरची पाताळेश्वराची लेणी आहेत, आगाखान पॅलेस आहे. १६ जून १९९२ रोजी एक अधिसूचना निघाली. संरक्षित स्मारकाच्या हद्दीपासून १०० मीटर हा प्रतिबंधित भाग, आणि त्याच्यापुढचे २०० मीटर हा नियंत्रित भाग. पुढच्या काळात समिती नेमून शंभर मीटरच्या आतही काही बांधकामांना परवानग्या दिल्या गेल्या. २००९ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाने ती समितीच कायद्यात बसत नाही असं ठरवलं. मग २०१० मध्ये कायदा बदलला. तेव्हापर्यंत दिलेल्या परवानग्या पावन करून घेतल्या आणि पुढचं दार बंद केलं. आता शंभर मीटरच्या आत बांधकाम म्हणजे दोन वर्षांपर्यंत कैद, किंवा एक लाखापर्यंत दंड, किंवा दोन्ही.

हा कायदा कुणी दुष्टपणे केलेला नाही. २०१३ मध्ये देशाच्या महालेखापरीक्षकांनी एक अहवाल दिला. त्यांच्या लोकांनी १,६५५ स्मारकं प्रत्यक्ष जागेवर जाऊन पाहिली, त्यांतली ९२ सापडलीच नाहीत. कागदावर संरक्षित, जागेवर गायब. कुठे रस्ता, कुठे वस्ती. ज्या देशात अख्खं स्मारक हरवू शकतं तिथे कुणीतरी वैतागून जमिनीवर रेघ ओढली, हे मी समजू शकते.

माझी अडचण त्या रेघेच्या आकड्याशी आहे. आमच्या धंद्यात एक सवय वाईट समजली जाते. जो आकडा परिस्थितीप्रमाणे बदलायला हवा, तो थेट प्रोग्रॅममध्ये लिहून टाकायचा. याला आम्ही हार्डकोड करणं म्हणतो. त्या दिवशी काम भागतं. पुढे तो आकडा शंभर ठिकाणी चुकीचा ठरतो, आणि तोपर्यंत लिहिणारा नोकरी सोडून गेलेला असतो. १०० मीटर हा तसा आकडा आहे. ताजमहालाला १०० मीटर, हरियाणातल्या शेताच्या बांधावर उभ्या असलेल्या कोसमिनारालाही १०० मीटर. उघड्या माळावरच्या दगडाला तेवढेच, आणि भर कसब्यातल्या, भिंतीला भिंत लागलेल्या वस्तीतही तेवढेच.

थोडं गणित करते, सर, सवय तुमचीच आहे. एखादं स्मारक नुसता एक खांब असेल, तर त्याच्याभोवती १०० मीटर त्रिज्येचं वर्तुळ म्हणजे सुमारे ३१,४०० चौरस मीटर, पावणेआठ एकर. पण रेषा मोजतात स्मारकाच्या हद्दीपासून. समजा एका चौरस वाड्याची बाजू २०० मीटर आहे, तर त्याच्या बाहेरचा १०० मीटरचा पट्टा होतो सुमारे १,११,४०० चौरस मीटर, साडेसत्तावीस एकर. माळावर साडेसत्तावीस एकर म्हणजे काहीच नाही. पेठेत साडेसत्तावीस एकर म्हणजे किती चुली, किती दुकानं, किती जिने, ते तुम्हीच मोजा.

आता त्या दोन कागदांचं कोडं. २०१० च्या कायद्यात शब्दांच्या व्याख्या फार नीट दिल्या आहेत. प्रतिबंधित भागात तुमचं घर १६ जून १९९२ च्या आधीपासून असेल, तर तुम्हाला 'दुरुस्ती आणि नूतनीकरण' यासाठी परवानगी मागता येते. पण त्याच व्याख्येत पुढे म्हटलं आहे की दुरुस्तीत बांधकाम येत नाही आणि पुनर्बांधणीही येत नाही. मग पुनर्बांधणी म्हणजे काय? तीही व्याख्या आहे. पूर्वी होती तशीच इमारत, लांबी-रुंदी आणि उंचीच्या त्याच मर्यादेत पुन्हा उभी करणं. म्हणजे एक वीटही जास्त नको, एक फूटही वर नको, होतं तेवढंच घर. ते शंभर मीटरच्या बाहेर, नियंत्रित भागात, परवानगी काढून करता येतं. शंभर मीटरच्या आत नाही.

म्हणजे आत्याचं घर उभं आहे तोवर त्याला टेकू लावता येईल, कौलं बदलता येतील, गिलावा करता येईल. ते पडलं की त्या जागेवर घर असण्याचा हक्क संपला. जमिनीची मालकी राहील, कर भरता येईल, तिथे तुळस लावता येईल. आणि हे कुणाच्या बाबतीत? अडीच-तीनशे वर्षांच्या वस्तीत, लाकडी सांगाड्याच्या, मातीत बांधलेल्या घरांच्या बाबतीत, ज्यांचं एक दिवस पडणं हे ठरलेलंच आहे. लाकूड कायम टिकत नाही. आपल्या आजोबा-पणजोबांना हे माहीत होतं, म्हणून ते खण बदलत, तुळया बदलत, एखादा सोपा उतरवून पुन्हा घालत. वाडा ही एकदा बांधून संपलेली वस्तू कधीच नव्हती.

इथे मला इतिहासाच्या बाईंचा तास आठवतो. आपल्याला रांगेने शनिवारवाड्यात नेलं होतं. दिल्ली दरवाजाचे खिळे आपण हात लावून पाहिले आणि आत गेल्यावर पुष्कळांनी विचारलं, "बाई, वाडा कुठे आहे?" कारण आत होती ती जोती. १७३० मध्ये थोरल्या बाजीरावांनी ज्याची पायाभरणी केली तो वाडा १८२८ च्या आगीत जळाला. उरला तो तट, नऊ बुरूज, दरवाजे आणि दगडी जोती. लाकूड सगळं गेलं. मग बाईंनी आपल्याला बाहेर आणलं आणि शेजारच्या गल्लीतल्या एका वाड्याच्या ओसरीवरचे नक्षीचे खांब दाखवले, सुरूच्या आकाराचे, खाली केळफुलासारखे. म्हणाल्या, आतले खांब असेच असतील, फक्त मोठे. बाई, ते वाक्य मी विसरलेले नाही. जळालेल्या वाड्याचा पुरावा भोवतालच्या साध्या माणसांच्या घरांत होता. आणि त्याच घरांवर आपण ती रेघ ओढली आहे.

आता तुम्ही म्हणाल, मग रेघ पुसून टाकायची का? आपल्या वर्गातला एक मित्र आर्किटेक्ट आहे, जुन्या इमारतींचं जतन हेच त्याचं काम. या भाषणाचा कच्चा खर्डा मी त्याला पाठवला तर त्याने रात्री साडेअकराला फोन केला. म्हणाला, "तू एक शब्द सैल कर, सहा महिन्यांत तिथे पार्किंगवर पाच मजले उभे राहतात की नाही बघ." त्याचं म्हणणं हसण्यावारी नेता येत नाही. कारण तीनशे मीटरच्या पलीकडे काय झालं ते आपल्या डोळ्यांसमोर आहे. सदाशिव, नारायण, शुक्रवार, आपण ज्या ज्या वाड्यांत गणपतीच्या आरतीला गेलो, ते कुठे आहेत? त्यांच्या जागी त्याच नावाची अपार्टमेंट्स आहेत. खाली दुचाक्या, मधे डक्ट, आणि दारावर वाड्याचं नाव तेवढं पितळी अक्षरांत.

मात्र त्या अपार्टमेंट्सना नावं ठेवणाऱ्यांत मी नाही. वाड्याबद्दल हळवं होणारी माणसं बहुतेक वाडा सोडून गेलेली असतात, माझ्यासकट. तिथे राहणाऱ्या बायकांना विचारा. दोन मजले पाणी चढवणं, बारा बिऱ्हाडांत सामायिक संडास, पावसात पाठीमागच्या भिंतीला येणारी ओल, बाळंतिणीला निजायला धड कोपरा नाही. भाडं वीस रुपये, त्यात मालक दुरुस्ती कशातून करणार? भाडेकरू आपल्या खिशातून का करणार? बिल्डर आला, लिफ्ट देतो म्हणाला, स्वतःचं न्हाणीघर देतो म्हणाला, लोकांनी सही केली. मीही केली असती.

तर हिशेब असा आहे. रेषेच्या आतले वाडे पडले आणि रेषेच्या बाहेरचे पाडले. आतल्यांना कायद्याने काहीच करू दिलं नाही, बाहेरच्यांना बाजाराने वाटेल ते करू दिलं. वाडा दोन्हीकडे गेला. १९६१ च्या जुलैमध्ये पानशेत फुटलं तेव्हा नदीकाठच्या पेठांतली कितीतरी घरं वाहून गेली, त्याबद्दल आपल्या घरांतली मोठी माणसं अजून बोलतात. हा दुसरा पूर गेली तीस वर्षं चालू आहे, पण तो इतका सावकाश आहे की त्याची तारीख कुणालाच सांगता येत नाही.

जे वाचलं ते कसं वाचलं तेही पाहा. विश्रामबागवाडा आहे, नानावाडा आहे. दोन्ही महापालिकेच्या ताब्यातले, सार्वजनिक पैशातून दुरुस्त झालेले. म्हणजे पैसा आणि मालक दोन्ही असले की लाकडी इमारत दोनशे वर्षांनंतरही पुन्हा सरळ उभी करता येते, त्यासाठीचे सुतार आणि गवंडी आपल्याकडे अजून आहेत. खाजगी घराला मात्र यातलं काहीच मिळत नाही. सगळ्या शहराने अभिमान बाळगायचा, आणि त्याचा खर्च शंभर मीटरच्या आतल्या विधवा आत्याने करायचा.

सरकारला वाकता येत नाही असंही नाही. मेट्रोचंच घ्या. वनाज ते रामवाडी हा मार्ग मूळ आराखड्यात नगर रस्त्याने आगाखान पॅलेसवरून जाणार होता. तो १०० मीटरच्या आत येत होता. शेवटी मार्ग कल्याणीनगरातून वळवला, आणि २०२४ च्या मार्चमध्ये रामवाडीपर्यंत गाडी सुरू झाली. मला ते वळण मान्य आहे. जिथे महादेवभाई आणि कस्तुरबा यांच्या समाध्या आहेत तिथल्या शांततेसाठी गाडीने थोडा वळसा घेतला तर बिघडलं काय? दुसरा मार्ग शिवाजीनगरहून स्वारगेटकडे पेठांच्या पोटातून गेला. जिल्हा न्यायालयाचं स्थानक जमिनीखाली सुमारे ३३ मीटर आहे. म्हणजे अवघड जागी वळसा घालायचा किंवा खोल जायचं, हे शहाणपण आपल्याकडे आहे आणि त्यासाठी लागणारे पैसेही आपण काढतो. मेट्रोला वळता आलं. चार खणांचं घर कुठे वळणार?

आणि कायदा बदलायचा विचार झाला तेव्हा काय झालं? २०१८ च्या जानेवारीत लोकसभेने एक दुरुस्ती मंजूर केली. प्रतिबंधित भागात केंद्र सरकारच्या सार्वजनिक कामांना वाट करून देणारी. रस्ते, पूल, रूळ अशी कामं. पुढे राज्यसभेने ते विधेयक प्रवर समितीकडे पाठवलं. त्या विधेयकाचं काय व्हावं यावर दोन मतं असू शकतात. मला खटकलं ते वेगळंच. शंभर मीटरच्या आत कुणाची अडचण आहे असा प्रश्न आला तेव्हा रस्त्याची अडचण आठवली. आधीपासून तिथे राहणाऱ्या माणसाची आठवली नाही.

नोकरीच्या निमित्ताने मी काही काळ जर्मनीत होते, तेव्हा ड्रेस्डेनला गेले होते. तिथल्या एल्ब नदीच्या खोऱ्याला २००४ मध्ये युनेस्कोच्या यादीत स्थान मिळालं. वाहतुकीसाठी नदीवर नवा पूल हवा की नको यावर २००५ मध्ये शहरात सार्वमत झालं, आणि सुमारे दोन तृतीयांश मतं पुलाच्या बाजूने पडली. पूल बांधायला घेतला, २००९ मध्ये युनेस्कोने खोऱ्याचं नाव यादीतून काढलं, २०१३ मध्ये पूल खुला झाला. मी त्या पुलावर उभी राहिले होते. पूल काही सुंदर नाही. तिथले माझे सहकारी अजून त्यावरून भांडतात, एकाच्या मते शहराने नाक कापून घेतलं, दुसरीचा रोजचा प्रवास वाचला. पण ज्यांना त्या निर्णयासोबत जगायचं होतं त्यांना आधी विचारलं होतं, एवढं दोघंही मान्य करतात. ड्रेस्डेनने केलं ते बरोबर होतं असं माझं म्हणणं नाही. मला हेवा वाटला तो भांडणाचा.

मग माझं मागणं काय? ते फार छोटं आहे, म्हणून कदाचित कुणाला त्याचा झेंडा करता येत नाही. पुनर्बांधणी हा शब्द कायद्यात आहे. त्याची व्याख्या आहे : तीच लांबी-रुंदी, तीच उंची. तो शब्द शंभर मीटरच्या बाहेर चालतो, तो आतही चालू द्या, पण फक्त १९९२ च्या आधीपासून असलेल्या घरांना. नवा मजला नको, तळघर नको, एक इंच जास्त नको. दुरुस्तीच्या रांगेत एक शब्द घाला. आणि जिथे तेही देता येत नसेल, जिथे स्मारकाच्या पायाला खरोखर धोका असेल, तिथे त्या कुटुंबाला मोबदला द्या. रस्त्यासाठी जमीन गेली की बांधकामाचा हक्क दुसरीकडे वापरायला मिळतो, त्याला आपण टीडीआर म्हणतो. घराचा हक्क गेला तर तसाच हिशेब का नको? आणि प्रत्येक स्मारकासाठी वेगळी उपविधी करायची, त्यात वारशाच्या जाणकारांचा सल्ला घ्यायचा, असं २०१० च्या कायद्यातच लिहिलेलं आहे. म्हणजे हार्डकोड केलेला आकडा सैल करायची जागा मूळ लिहिणाऱ्यांनी ठेवलेली आहे. बाहेरच्या नियंत्रित भागाला तिचा उपयोग होईलही. आतल्या शंभर मीटरसाठी मात्र कायदाच बदलावा लागेल.

आता अर्ज ऑनलाइन भरता येतो. इस्रोच्या मदतीने स्मारकांचे नकाशे तयार झाले आहेत, आपली जागा कुठल्या पट्ट्यात येते ते कळतं. माझ्या व्यवसायातल्या लोकांनी केलेलं काम आहे, चांगलं काम आहे. पूर्वी ज्या उत्तरासाठी खेटे घालावे लागत ते आता लवकर मिळतं. आत्याला 'नाही' हे उत्तर आता घरबसल्या मिळेल.

आर्किटेक्ट मित्राचा प्रश्न मात्र शिल्लक राहतो. तेवढंच घर बांधलं हे कोण बघणार? रात्रीत मजला चढला तर? इथे मला माझं शिक्षण उपयोगी पडेल असं वाटतं. 'होतं तेवढंच' हे सिद्ध करायला आधी 'होतं किती' हे माहीत पाहिजे. ते आज कुणाकडेच नाही. बहुतेक वाड्यांचे नकाशे नाहीत. सिटी सर्व्हेच्या उताऱ्यावर जागेचं क्षेत्रफळ असतं, पण वरचा मजला किती उंच, चौक केवढा, सज्जा कुठवर, यातलं काही नसतं. घर एकदा पडलं की मालक म्हणणार तीन मजले होते, शेजारी म्हणणार दोन. म्हणूनही कुठल्याही अधिकाऱ्याला 'नाही' म्हणणं सोपं जातं. पण आज फोनच्या कॅमेऱ्याने शे-दोनशे फोटो काढले तर त्यांतून इमारतीचं मापासकट त्रिमितीय चित्र तयार करता येतं. एका ज्ञात लांबीची पट्टी चित्रात ठेवली की बाकीची मापं निघतात. मी आत्याच्या वाड्याचं केलं. एक रविवार लागला, आणि दोन वेळा चहा. भिंतीची जाडी पावणेतीन फूट निघाली. जिन्याच्या पायऱ्या आपण बावीस म्हणायचो, त्या एकवीस आहेत.

त्यानंतर आपल्यापैकी चौघांनी मिळून शाळेच्या आसपासच्या सात वाड्यांचं तसं मोजमाप केलं. कुणाकडून पैसे घेतलेले नाहीत, कुठली संस्था काढलेली नाही. त्यातला एक वाडा मोजल्यानंतर दोन महिन्यांनी श्रावणातल्या पावसात बसला. माणसं आधीच बाहेर पडली होती. आज त्या जागेवर पत्र्याचं कुंपण आहे. पण त्या वाड्याची उंची, खण, चौक, खिडक्या, सगळं आमच्याकडे इंचात नोंदलेलं आहे. तो एक शब्द जर कधी कायद्यात आला, तर त्या कुटुंबाला 'होतं तेवढंच' म्हणजे किती ते दाखवता येईल. उरलेल्या सहांपैकी तीन यंदाच्या पावसाळ्याबद्दल मला भीती वाटते. आत्याचा त्यात आहे.

जे वाडे आधीच गेले त्यांचं काय करायचं, हा प्रश्न आमच्यातल्याच एकीने सोडवला. ती म्हणाली, मुंजीचे फोटो. तिचं खरं आहे. आपल्या घरांत कुणी वाड्याचा फोटो काढला नाही, पण मुंज, बारसं, डोहाळजेवण, मंगळागौर यांचे फोटो काढले, आणि ते चौकात किंवा ओसरीवर काढले. बटूच्या मागे खांब आहे, फुगडीच्या मागे जिना आहे. खांबाशेजारी माणूस उभा असला तर त्याच्या उंचीवरून खांबाचं माप साधारण काढता येतं.

म्हणून बाहेर चहाच्या टेबलाशेजारच्या भिंतीवर एक मोठा नकाशा लावला आहे. १९९६ साली तुम्ही ज्या घरात राहत होता तिथे टाचणी लावा. घर उभं असेल तर हिरवी, नसेल तर लाल. वहीत वाड्याचं नाव, मजले, बिऱ्हाडं किती होती, आणि आठवत असेल तर पडल्याचं किंवा पाडल्याचं साल लिहा. सर, बाई, तुमच्या घरांच्या टाचण्या आम्हाला आधी हव्या आहेत, तुम्हाला आमच्यापेक्षा तीस वर्षं मागचं आठवतं. काही जणांनी निरोपाप्रमाणे अल्बम आणले आहेत. फोटो कुणाचाही ठेवून घेणार नाही. स्कॅनर मी घरून आणला आहे, जेवणानंतर चारपर्यंत मी त्याच टेबलाशी बसलेली असेन.